एकूण नग

आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर देवाचं नाव सांगायला मला आवडेल. पण खरं उत्तर 'पावती' हे आहे. सोळा वर्षं मी रत्नागिरीतल्या एका सहकारी ग्राहक भांडाराच्या दारात लाकडी स्टुलावर बसून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला "पावती बघू" म्हणत होते. माझं नाव सुमती आहे हे फक्त हजेरीपुस्तकाला माहीत होतं. गावाला मी पावतीबाई. बाजारात गेले की भाजीवाली म्हणायची, "पावतीबाय, पालेभाजी घ्या, पन पावती नाय मिलायची हां!" हा विनोद मी सोळा वर्षं ऐकला आणि दर वेळी हसले, कारण तिची भाजी ताजी असायची.

भांडारात आधी सगळा माल फळीच्या पलीकडे असे. गिऱ्हाइकाने मागायचं, नोकराने काढून द्यायचं. ऐंशी साल उलटलं आणि आमच्या संचालक मंडळातलं कुणीतरी मुंबईला जाऊन आलं. तिथे त्याने लोक स्वतःच्या हाताने माल घेतात असं एक दुकान पाहिलं. झालं, आमच्याकडेही फळ्या निघाल्या, मांडण्या आल्या, तारेच्या टोपल्या आल्या. पहिला आठवडाभर लोक हात पाठीमागे बांधून मांडण्यांसमोरून फिरत. देवळात मूर्तीला हात लावायचा नाही तसं त्यांना वाटत होतं. मग हळूहळू हात लावायला शिकले, आणि काही जण जरा जास्तच शिकले. दोन महिन्यांत मालाचा मेळ बसेना. तेव्हा दारात माणूस हवं असं ठरलं.

माझे यजमान भांडाराची टेम्पो-गाडी चालवायचे. ते काविळीने गेले. मी तेव्हा एकतीस वर्षांची, सातवी पास, मूलबाळ नाही. मंडळाने मला कामावर घ्यायचं ठरवलं. आमचे व्यवस्थापक सांगलीकडचे होते. सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "बाई, मोजता येतं का?"

"येतं."

"लोकांच्या पिशवीत डोकवायची लाज वाटंल."

मी थोडा विचार करून म्हटलं, "पगार सुरू झाला की जाईल."

ती गेली. पगार सुरू व्हायच्या आधीच गेली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता हे काम नेमकं काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं की दारातलं माणूस चोर पकडतं. तसं नसतं. दारातलं माणूस नग मोजतं. कारकून हाताने पावती लिहायचा, आणि तिच्या तळाशी 'एकूण नग' असं लिहून पुढे आकडा टाकायचा. मी तेवढा आकडा बघायचा, पिशवीतल्या वस्तू मोजायच्या, जुळलं की जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा आणि पावतीचा एक कोपरा फाडायचा. दाराला किंमत कळत नाही. चहाची पुडी हा एक नग आणि प्रेशर कुकर हाही एक नग. कोपरा फाडायची युक्ती मागाहून निघाली. एका सज्जन गृहस्थांनी एकाच पावतीवर तीन दिवस साबण नेला, त्यानंतर.

आणखी एक गोष्ट शिकले. ज्याच्या पिशवीत जास्तीचा नग असतो तो घाबरत नाही. तो तुमच्या तब्येतीची चौकशी करतो. "काय पावतीबाई, दमलात? पाणीबिणी पिता की नाही?" असं कुणी म्हणालं की मी पिशवी तळापासून बघायची. घाबरायची ती साधी माणसं. पावती हातात धरून, तोंड कोरडं पडलेलं, अशी यायची. त्यांचे नग जुळले की त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

नग मोजता मोजता माणसांतले नगही पुष्कळ बघितले. एक निवृत्त मास्तर होते. ते काडेपेटी घ्यायला यायचे, एकच, आणि दाराशी थांबून चष्मा लावून पावती वाचायचे. किंमत नाही, शुद्धलेखन. कारकुनाने 'काडेपेटि' लिहिलं की ते खिशातून लाल पेन काढून वेलांटी दीर्घ करायचे आणि मग मला म्हणायचे, "आता मारा शिक्का. अशुद्ध कागदावर शिक्का मारू नये." त्यांच्या मागे रांग खोळंबायची. चाकरमान्यांच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यात, मुंबईहून आलेला एखादा त्या रांगेत उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मुंबईला असलं काही नसतं." मास्तर वळून म्हणायचे, "म्हणूनच तुम्ही 'मला मदत कर' म्हणायच्या जागी 'माझी मदत कर' म्हणता." एवढं मात्र खरं, दोन वर्षांत आमच्या कारकुनांच्या पावत्या इतक्या शुद्ध झाल्या की एकाने नोकरी सोडून शाळेत अर्ज केला.

मिरकरवाड्याहून एक मासेवाली यायची. लिलावातलं काम आटोपलं की उरलेलं घेऊन ती गावात फिरायची आणि जाता जाता भांडारात शिरायची. तिची टोपली तपासायला कुणी धजावत नसे, वासामुळे. मी नवीन होते, तोऱ्यात होते. म्हटलं, "टोपली बघू."

ती म्हणाली, "घाल हात."

मी घातला. तळाशी जिवंत कुर्ल्या होत्या. माझ्या तर्जनीचं नख आठ दिवस काळं होतं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मोजल्यास? किती भरल्या?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला टोपल्यांसाठी एक लाकडी पट्टी दिली, आणि त्या पट्टीचीही पावती केली.

साहेब असे होते. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "कुणाला सोडायचं नाही. मलासुद्धा नाही." तिसऱ्या दिवशी ते जेवायला निघाले तेव्हा त्यांच्या कानावर भांडारातल्या मालातलं नवं कोरं बॉलपेन होतं. मी म्हटलं, "साहेब, पावती बघू." ते परत गेले, पैसे भरले, पावती घेऊन आले. मी शिक्का मारला, कोपरा फाडला. त्या दिवसापासून माझा भाव वधारला. पान खायला आलेला माणूस पानवाल्याला सांगायचा, "अरे, तिने साहेबाला अडवला." मला वाटायला लागलं, ह्या दारातून माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय काही जाऊ शकत नाही. माझी मान तेव्हापासून थोडी ताठ राहायला लागली ती चार वर्षं तशीच होती. मग मार्गशीर्षातल्या एका दुपारी जे झालं ते सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं आहे.

त्या महिन्यात कापड-विभागातले हिरवे खण कमी भरत होते. खण म्हणजे चोळीचं कापड, घडी करून मुठीत मावेल एवढं. कापड-विभागावर मंदा होती. मंदा माझी मैत्रीण, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ आणि मनाने लोणी. तिने तीनदा मोजले, तीनदा सहा खण कमी. साहेब माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, पिशवीत नसतील तर पदराखाली असतील. बघा जरा."

आम्ही दुपारी एक वाजता जेवायला बंद करायचो. साडेबाराच्या सुमाराला एक बाई दाराशी आली. पंचविशीची असेल, कोळणीसारखं नऊवारी, हिरव्या बांगड्या. तिच्या हातात पिशवी होती आणि पावती पुढे केलेली होती. चहा, साबण, गूळ. एकूण नग तीन. मी मोजले. तीन.

शिक्का उचलला आणि माझी नजर तिच्या कमरेकडे गेली. पदराचं टोक गाठ मारून निऱ्यांशेजारी पोटाशी आत खोवलं होतं. चंची खोचावी तसं, पण चंचीपेक्षा मोठं. आणि गाठीतून हिरव्या कापडाची कड दिसत होती.

मी शिक्का खाली ठेवला. "ते काय आहे?"

"काय नाय."

"काय नाही तर दाखव."

तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. "घरचं हाय, बाय. दुकानातलं नाय. मला पूर्नगडची गाडी हाय सव्वाची. जाऊ द्या."

"घरचं आहे तर दाखवायला काय जातंय?"

मागे चार-पाच जण जमले. मी मंदाला हाक मारली, खण ओळखायला. मंदा आली. त्या बाईने मंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मंदाकडे. खालच्या आवाजात म्हणाली, "ह्या तायना दावते मी. आत चला, ह्यांना एकट्यांना दावते. तुमाला नको."

तुमाला नको. हे शब्द मला लागले. दारावर मी. शिक्का माझ्या हातात. साहेबाला अडवणारी मी. आणि ही मला वगळून कापडवालीला दाखवणार? मला वाटलं, मंदा भोळी आहे हे हिने हेरलंय. आत नेऊन तिच्या पाया पडेल आणि सुटेल.

मी म्हटलं, "दारावर मी आहे. दाखवायचं तर मला."

"तुमाला नको," ती पुन्हा म्हणाली. ह्या वेळी डोळ्यांत पाणी होतं.

तोवर साहेब आले. ते काही वाईट माणूस नव्हते, पण सहा खणांनी त्यांची झोप उडवली होती. "काय असंल ते दाखव की मग, बाई. नसंल दाखवायचं तर चौकीवर जाऊन दाखवशील. आम्ही चोर म्हणायचं का तुला?"

ती खाली बघत म्हणाली, "म्हना."

तेव्हा मला थांबायला हवं होतं. 'चोर म्हणा' असं कुठला चोर म्हणतो? सोळा वर्षांत दुसरं कुणी म्हणालं नाही. पण मी थांबले नाही. दारावरचा एक नियम होता, माझ्या रजेत दारावर बसणाऱ्यांना मीच तो शिकवायची. हात पिशवीला लावायचा, माणसाला नाही. तो मी मोडला. मी उठले आणि तिच्या पदराच्या गाठीला हात घातला.

तिने मागे ओढलं. गाठ सुटली. तांदूळ भांडाराच्या फरशीवर सांडले, हळदीकुंकू लागलेले. नारळ गडगडत साबणांच्या मांडणीखाली गेला. सुपारी, हळकुंड, बदाम, आणि वर पडला हिरवा खण, घडी न मोडलेला. ती बाई खाली बसली होती, दोन्ही हात अजून पोटावरच होते.

मंदा माझ्या मागून म्हणाली, "अगो बाय! ही तर चोरओटी."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिसरा महिना लागला की माहेरची माणसं लेकीची ओटी गुपचूप भरतात, बोभाटा न करता. अजून कुणाला सांगायचं नसतं, दृष्ट लागू नये म्हणून. ती ओटी पोटाशी झाकून घरी न्यायची आणि देवापुढे सोडायची. तिला म्हणायचं चोरओटी. हे मला ऐकून माहीत होतं. माझी कधी कुणी भरली नव्हती, म्हणून गाठ बघून ओळखू आली नाही.

आमचा शिपाई मागे डब्यांच्या मांडणीजवळ होता. त्याला त्या शब्दातलं फक्त 'चोर' एवढंच ऐकू आलं. त्याने धावत येऊन दाराचं शटर अर्धं खाली ओढलं. साहेब त्याच्यावर ओरडले, मग काय करावं हे न सुचून म्हणाले, "अरे, ते तांदूळ... केरसुणी आण."

"केरसुणी नको!" मंदा किंचाळली. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक दाणा हाताने वेचायला लागली. ओटीचे तांदूळ केरसुणीने झाडायचे? आणखी दोन बायका रांगेतून आल्या आणि वेचायला बसल्या. दोघींच्याही कपाळावर कुंकू होतं. मीही वाकले. एक दाणा बोटाला लागला. त्या बाईने माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात मागे घेतला आणि स्टुलावर जाऊन बसले. त्या दहा मिनिटांत शटरखालून वाकून दहा-बारा माणसं बाहेर गेली. मी एकाचीही पावती बघितली नाही.

मंदाने खण उचलून पाहिला. "हा आपलाच आहे," ती साहेबांना म्हणाली. "काल मीच विकला, मिरकरवाड्याच्या एका म्हातारीला. हिची आई असणार. पावती तिच्याकडे असेल घरी." मंदाला एकटीला दाखवलं असतं तर एवढं अर्ध्या मिनिटात मिटलं असतं. त्या बाईचं म्हणणंही तेवढंच होतं.

नारळ मांडणीखालून काढला, तर त्याला तडा गेलेला. मंदा आतून नवा नारळ घेऊन आली, दोन मुठी नवे तांदूळ घेऊन आली. कारकुनाने विचारलं, "ह्याची पावती कुणाच्या नावे?" साहेब भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, "माझ्या." मग मंदाने तिला आत नेलं आणि कापड-विभागात, कापडाच्या ठाणांमागे, तिची ओटी पुन्हा भरली.

ती बाहेर आली तेव्हा मला वाटलं, आता ही मला बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने पावती पुढे केली. तीन नगांची, मघाची. मी शिक्का मारला. कोपरा फाडताना अर्धी पावतीच फाटली. ती गेली. गाडी तिला मिळाली की नाही, मला माहीत नाही.

जेवताना मी मंदाला विचारलं, "तुला दाखवते म्हणाली. मला का नको?"

मंदाने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. "तिची दोन गेल्येत गो आधी. हे तिसरं. आईने बजावलं होतं, वाटेत कुठे थांबू नको. पण सासूने चहा-साबण सांगितला होता, म्हणून शिरली."

"ते झालं. मला का नको?"

मंदा माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "खा गो तू."

मग मला कळलं. यजमान गेल्यापासून चार वर्षं माझं कपाळ मोकळं होतं. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, बारशाला मागे बसायचं, नव्या नवरीच्या समोरून जायचं नाही, हे सगळं मी शिकले होते आणि त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पण दारात बसलं की मी पावतीबाई होते, आणि पावतीबाईला कपाळ नसतं असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. तिला तसं वाटत नव्हतं. तिची दोन गेली होती. विधवेची नजर, विधवेचा हात त्या ओटीला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. ते खरं की खोटं हा वाद मी घालत नाही. पण "तुम्ही विधवा आहात, म्हणून नको" एवढं एक वाक्य म्हणून ती सुटली असती. दहा माणसांदेखत ती चोर व्हायला तयार झाली, आणि ते वाक्य तिने मला ऐकवलं नाही. मी त्या दिवशी जेवले नाही.

खणांचं काय झालं ते सांगायला हवं. पौषात लांज्याच्या शाखेतून पत्र आलं, 'पाठवलेले सहा हिरवे खण पोचले, परंतु सोबत पावती नाही.' आमच्याच गाडीतून, आमच्याच माणसाने नेले होते. ती गाडी मागच्या दाराने सुटायची. मागच्या दारावर कुणी बसत नसे.

पुढचे महिने मी मोजत होते. मार्गशीर्षात तिसरा, म्हणजे पौषात चौथा, माघात पाचवा. ज्येष्ठात कळणार. पण कळणार कसं? तिचं नाव मला माहीत नव्हतं. पावतीवर नग असतात, नाव नसतं. दाराशी कुणी आलं की मी विचारायची, "कुठून आलात?" आणि पूर्णगड म्हणाले की, "काय म्हणतंय पूर्णगड?" लोक सांगायचे. बांगडा कमी झालाय. किल्ल्याच्या वाटेवर गवत माजलंय. शाळेला मास्तर नाही. एकाने तर मुंबईला गेलेल्या आपल्या चार भावांची सगळी हकीकत सांगितली. 'दोन मुलं गेलेली आणि तिसऱ्याच्या वेळची कोण आहे तुमच्याकडे' असं कुणाला विचारणार? विचारायचा हक्क मला कुठला होता? देवळात गेले की मी आधी तिच्यासाठी मागायची आणि मग वाटायचं, आपण मागितलेलं तिला चालेल का? म्हणून पुढे पुढे नुसती उभी राहायची.

ज्येष्ठ गेला, गणपती गेले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भांडारात मुंगीला शिरायला वाव नव्हता. दारात मी, रांग रस्त्यापर्यंत. आणि रांगेच्या पलीकडे, आत येणाऱ्या माणसांत, मला ती दिसली. तेच नऊवारी असेल-नसेल, पण तीच. छातीशी गाठोडं धरलं होतं. गाठोड्याला पाय होता.

मी उठले. शिक्का मंदाच्या हातात कोंबला, "बस इथे," म्हटलं, आणि थेट मागे गोदामात गेले. माझ्या मनात तेव्हा एकच होतं. ती बाहेर पडताना माझ्यासमोरून जाईल आणि पोराचं तोंड पदराने झाकेल. तिला झाकावं लागू नये. मीच नसले म्हणजे झालं.

गोदामात साबणाच्या खोक्यांवर बसले. थोड्या वेळाने मंदा आली. "ती विचारत्ये तुला."

"सांग, रजेवर आहे."

"तिने तुला आत जाताना बघितलंय."

"मग सांग, बरं नाही."

मंदा काही बोलायच्या आधी तिच्या मागून ती स्वतःच आली. गोदामाच्या दारावर 'आत येण्यास मनाई आहे' अशी पाटी होती. तिच्याखालून, न वाचता, ती आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"त्या दिशी बगायचं होतं ना तुमाला?" ती म्हणाली. "बगा आता."

मी खोक्यांकडे तोंड फिरवलं. "नको गो बाय. माझी नजर..."

"नजर कसली?" तिचा आवाज चढला. रागावली होती की काय, मला अजून सांगता येत नाही. "आदीची दोन झाकून झाकून नेली मी. शेजारनीला नाय कललं, नन्देला नाय कललं. दोनी गेली. ह्याला तुमच्या अख्ख्या भांडारानं बगितला. तांदूल सांडलं, नारल फुटला, हवालदार तेवडा यायचा ऱ्हायला. आनि ह्यो ऱ्हायला. आता कुनापासून झाकू ह्याला?"

ती जवळ आली आणि तिने गाठोड्यावरचं फडकं बाजूला केलं.

"बगा, पावतीबाय."

मी बघितलं. काळासावळा, भरपूर जावळाचा, गालाला काजळाची तीट. झोपेत ओठ हलवत होता. मी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.